अवयवदान, ऊतीदान आणि अंत्यविधी: कुटुंबाला साथ देताना अंत्यविधी व्यवस्थापकाने काय करायचं

अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्याला फोन येतो तोवर अवयवदानाचा प्रश्न बहुधा निकालात निघालेला असतो. हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं हे अवयव रुग्णालयातच घेता येतात, तेही बहुतेक वेळा रुग्ण अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असताना. डोळे, त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा या ऊतींचं घड्याळ मात्र मृत्यूनंतर सुरू होतं आणि तुमचा फोन वाजतो तेव्हा ते चालूच असतं. मृत्यू घरी झाला असेल, तर त्या घराशी बोलणाऱ्यांत या विषयाची माहिती असलेला माणूस कदाचित फक्त तुम्ही असता.

अशा वेळी तुमची कामं दोन. निर्णयासाठी उरलेला वेळ वाया जाऊ द्यायचा नाही, आणि दानानंतर देह बघण्यासारखा राहील का या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. कुटुंबाचं मन वळवणं, संमती घेणं, ऊती योग्य आहेत की नाहीत हे ठरवणं ही तुमची कामं नाहीत. ती नेत्रपेढीची, ऊतीपेढीची आणि प्रत्यारोपण समन्वयकाची. ही रेघ पुसली गेली की चांगल्या हेतूनेसुद्धा घरातल्या माणसांवर दबाव येतो. दुःखात दिलेला होकार काही दिवसांनी त्यांनाच बोचू लागतो.

फोन येण्याआधीची तयारी

जवळची नेत्रपेढी, ऊतीपेढी किंवा त्वचापेढी, रुग्णालयातले प्रत्यारोपण समन्वयक आणि देहदान स्वीकारणारा शरीररचनाशास्त्र विभाग, या चौघांचे चोवीस तास चालणारे नंबर एका कागदावर लिहून ठेवा. तो कागद फोनजवळ आणि शववाहिकेत, दोन्ही ठिकाणी असू द्या. दर सहा महिन्यांनी प्रत्येक नंबर एकदा लावून बघा. मध्यरात्री बंद नंबर लागला, तर पुढचा अर्धा तास शोधाशोधीत जातो.

नंबर घेतानाच प्रत्येक संस्थेला काही गोष्टी विचारून घ्या. देह थंड ठेवला तर किती तासांपर्यंत येता, आणि नाही ठेवला तर किती? घरी येता का, अंत्यविधी केंद्रात येता का, की देह रुग्णालयात आणावा लागतो? मृत्यूचा दाखला आधी लागतो का? वयाची अट काय? काम झाल्यावर देह कोणत्या स्थितीत परत देता आणि सोबत कोणता कागद देता? ही उत्तरं संस्थेगणिक बदलतात. दुसरीकडे ऐकलेल्या मर्यादेवर विसंबून कुटुंबाला परस्पर "आता उशीर झाला" असं सांगणं, ही या कामात सर्रास होणारी चूक आहे.

कायदाही माहीत हवा. काही देशांत दानासाठी स्पष्ट संमती लागते, काही ठिकाणी नकार नोंदवलेला नसेल तर संमती गृहीत धरतात. गृहीत संमती असलेल्या बहुतेक ठिकाणीसुद्धा कुटुंबाशी बोलल्याशिवाय पुढे जात नाहीत. नातेवाइकांपैकी संमती देण्याचा हक्क कोणाचा आणि त्यांचा क्रम कसा लागतो, हे आपल्या भागापुरतं पाठ असू द्या.

कोणत्या दानाला किती वेळ

मेंदूमृत्यूनंतरचं, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबल्यानंतरचं, अवयवदान हे पूर्णपणे रुग्णालयाचं काम. मेंदूमृत्यूच्या चाचण्या, संमती, ज्यांना अवयव मिळणार त्या रुग्णांचा शोध आणि शस्त्रक्रिया यांत एक ते दोन दिवस सहज जातात. शस्त्रक्रियेलाच कित्येक तास लागू शकतात. शरीराबाहेर काढल्यावर हृदय साधारण चार ते सहा तास टिकतं, मूत्रपिंड चोवीस ते छत्तीस तास. म्हणून शस्त्रक्रियेची वेळ अवयव घेणाऱ्यांच्या तयारीवर ठरते, अंत्यविधीच्या सोयीवर नाही. कुटुंबाने तुम्हाला वेळ विचारली, तर समन्वयकाशी बोलल्याखेरीज आकडा सांगू नका.

ऊतींचं तसं नाही. हृदय थांबून रक्ताभिसरण बंद पडल्यावरही त्या काही तास चांगल्या राहतात, म्हणून ऊतीदान जास्त मृत्यूंमध्ये शक्य असतं. कॉर्नियासाठी, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागासाठी, सहा तासांच्या आत नेत्रपेढी पोहोचलेली उत्तम. देह लवकर थंड केला असेल तर अनेक पेढ्या बारा, काही चोवीस तासांपर्यंतही येतात. त्वचा, हाडं, स्नायुबंध आणि झडपा यांच्यासाठी ऊतीपेढ्या पाळतात तो एक प्रचलित नियम असा: बारा तासांच्या आत देह थंड केला असेल तर चोवीस तासांत काम सुरू व्हायला हवं, थंड केलाच नसेल तर पंधरा तासांत.

मृत्यू कोणी पाहिला नसेल, तर हे तास माणूस शेवटचा जिवंत दिसला तेव्हापासून मोजतात. सकाळी सहाला अंथरुणात मृत सापडलेल्या आजोबांशी शेवटचं बोलणं रात्री अकराला झालं असेल, तर सकाळी सहालाच सात तास उलटलेले असतात. "कळलं कधी?" यापेक्षा "शेवटचं बोलणं कधी झालं?" हा प्रश्न म्हणूनच जास्त उपयोगाचा.

संपूर्ण देहदान ही वेगळी गोष्ट आहे. अवयवदान किंवा शवविच्छेदन झालेला देह बहुतेक शरीररचनाशास्त्र विभाग स्वीकारत नाहीत, नेत्रदान झालेला सहसा स्वीकारतात. कुटुंब "सगळंच देऊन टाकायचंय" म्हणत असेल, तर हा फरक आधी सांगा. तो उशिरा कळला की एक दार बंद झालेलं असतं.

पहिला फोन

नाव, पत्ता आणि देह कुठे आहे हे विचारून झाल्यावर, देह कधी हलवायचा हे ठरवण्याआधी एकच प्रश्न जोडायचा. शब्द साधारण असे असू द्या:

"एक गोष्ट वेळेची मर्यादा असते म्हणून आत्ताच विचारतो. तुमच्या वडिलांनी नेत्रदानाचा किंवा इतर कसला दानाचा अर्ज भरला होता का, किंवा कधी तसं बोलून दाखवलं होतं का? नसेल तर काही हरकत नाही, आपण पुढची व्यवस्था बोलू."

यात दानाची शिफारस नाही, फक्त मृत व्यक्तीच्या इच्छेची चौकशी आहे. "नाही" म्हणायला मोकळी वाट आहे आणि घाईचं कारणही प्रामाणिकपणे सांगितलं आहे. उत्तर "नाही" आलं तर विषय तिथेच सोडा, पुन्हा काढू नका. "हो" किंवा "आम्ही विचार करत होतो" असं आलं, तर पुढचं वाक्य: "मग तुमची परवानगी असेल तर मी नेत्रपेढीला फोन करतो, तेच तुमच्याशी बोलतील. त्यांच्याशी बोलल्यावर नाही म्हणालात तरी चालेल." नंबर हातात देऊन मोकळं होऊ नका. दहा नातेवाइकांना कळवायच्या गडबडीत तो फोन राहून जातो.

पेढीला फोन करताना ही माहिती समोर ठेवा: मृताचं वय, मृत्यूची किंवा शेवटचं जिवंत दिसल्याची वेळ, मृत्यूचं कळलेलं कारण, देह कुठे आहे, थंड केला का आणि किती वाजता, पोलीस तपास किंवा शवविच्छेदन आहे का, कोणाशी बोलायचं आणि त्यांचा नंबर. ही माहिती देण्यापुरतंच तुमचं काम. वैद्यकीय इतिहासाचे खासगी प्रश्न पेढी कुटुंबाला थेट विचारेल. शेजाऱ्यांच्या देखत ते विचारले जाऊ नयेत म्हणून घरातली एखादी शांत खोली मोकळी करून द्या.

देह ताब्यात घेतल्यावरचा पहिला तास

दानाची शक्यता जिवंत असेल तर काही गोष्टी लगेच करायच्या आणि काही अजिबात करायच्या नाहीत. डोक्याखाली दहा ते पंधरा सेंटिमीटर उंचीची उशी ठेवा. डोकं सपाट राहिलं तर रक्त आणि द्रव चेहऱ्याकडे उतरतो, पापण्या सुजतात, आणि डोळे काढल्यावर खोबणीत रक्त साचून काळेनिळे डाग पडतात. डोळे हलक्या हाताने पूर्ण मिटवा. अर्धवट उघडे राहिले तर कॉर्निया काही तासांतच कोरडा पडतो. मिटलेल्या पापण्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाच्या किंवा गॉझच्या घड्या ठेवा आणि सुकू लागल्या की बदला. पंखा बंद करा. खोली थंड ठेवणारं यंत्र असेल तर ते चालू राहू द्या, पण त्याचा झोत चेहऱ्यावर नको. कपाळावर बर्फ ठेवायचा असेल तर कापडात गुंडाळून ठेवा. डोळ्यावर थेट बर्फ ठेवू नका.

शीतपेटीचं तापमान दोन ते आठ अंशांच्या दरम्यान हवं. देह गोठवू नका. गोठताना पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात. कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी माणसाच्या शरीरात पुन्हा तयार होत नाहीत, आणि बसवलेला कॉर्निया पारदर्शक राहणं त्यांच्यावरच अवलंबून असतं. नेत्रपेढ्या एका चौरस मिलिमीटरमध्ये या पेशी किती उरल्या हे मोजतात आणि साधारण दोन हजारांच्या वर असतील तरच तो कॉर्निया अशा प्रत्यारोपणासाठी ठेवतात. शीतपेटीचा काटा शून्याखाली गेला तर बाहेरून काहीच दिसत नाही, पण दान वाया गेलेलं असतं. म्हणून पेटीत ठेवताना तापमान आणि वेळ लिहून ठेवा. हीच नोंद पेढीचा माणूस मागतो.

दान पूर्ण होईपर्यंत एम्बामिंग, म्हणजे देह टिकावा म्हणून रक्तवाहिन्यांतून रासायनिक द्रव सोडणं, करायचं नाही. पापण्या मिटलेल्या राहाव्यात म्हणून गोंद, पापणीखाली बसवायची प्लास्टिकची टोपी किंवा क्रीम वापरायचं नाही. रुग्णालयातून आलेल्या सलाइनच्या आणि इतर नळ्या पेढीला विचारल्याशिवाय काढायच्या नाहीत. त्या तपासण्यांच्या आणि नोंदींच्या दृष्टीने महत्त्वाच्या असू शकतात, आणि पोलीस तपास असेल तर त्यांना हात लावणं चूकच आहे. मृत्यू संशयास्पद किंवा अपघाती असेल तर तपास अधिकाऱ्याची आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी दानाआधी लागते. अनेकदा दोन्ही कामं एकमेकांच्या सोयीने होतात. ती जुळवणी पेढी करते. त्यासाठी कोणाला फोन करायचा हे तुम्ही सांगितलं तरी बराच वेळ वाचतो.

कुटुंब विचारतं ते प्रश्न

*चेहरा कसा दिसेल?* सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो, आणि कधी कधी तो शब्दांत न येता नुसत्या नजरेत येतो. सरळ सांगा. हल्ली बऱ्याच नेत्रपेढ्या पूर्ण नेत्रगोल न काढता फक्त पुढची पारदर्शक चकती, म्हणजे कॉर्निया आणि भोवतीची थोडी पांढरी कड, घेतात. या कामाला साधारण पंधरा ते वीस मिनिटं लागतात. पूर्ण नेत्रगोल काढला तरी खोबणीत कापूस भरून त्यावर डोळ्याच्या गोलाईची प्लास्टिकची टोपी बसवतात आणि पापण्या मिटवतात. झोपलेल्या माणसासारखाच चेहरा दिसतो. 1905 साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथे डॉक्टर एडुआर्ड त्सिर्म यांनी पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं नेत्रदान म्हणजे डोळे काढणं असंच होतं. डोळ्यांच्या जागी खड्डे राहतात ही भीती त्या काळातून चालत आली आहे. ती खोडून काढताना हसू नका, घाईही करू नका. फक्त पापणीभोवती हलका काळसर डाग पडू शकतो हे आधीच सांगा. मागाहून दिसलेला डाग त्यांना फसवणुकीसारखा वाटतो.

*त्वचा काढली तर रक्त येईल का?* नाही. पाठ आणि मांड्या, पोटऱ्या यांच्यावरून अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ थर घेतात. चेहरा, गळा, हात यांना हात लावत नाहीत. ती जागा उन्हाने भाजल्यासारखी गुलाबीसर दिसते आणि कपड्यांखाली झाकलेली राहते.

*त्यांना मधुमेह होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, वय ऐंशी होतं, मग चालेल?* उत्तर पेढीच देईल, पण यांपैकी एकाही कारणाने फोन करायचा थांबू नका. चष्मा, मोतीबिंदू, मधुमेह, रक्तदाब यांमुळे नेत्रदान अडत नाही. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे अनेक कर्करोगांतही नेत्रदान होऊ शकतं. रक्ताचे कर्करोग त्याला अपवाद. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, मृत्यूचं कारणच न कळणं, अशा वेळी नकार मिळतो.

*हृदय चालू आहे, छाती हलतेय, मग मृत्यू कसा?* हा प्रश्न अतिदक्षता विभागाबाहेर तुम्हालाही विचारला जाऊ शकतो. मेंदूमृत्यूचे निकष 1968 मध्ये हार्वर्डच्या समितीने मांडले आणि तेव्हापासून ते अधिक काटेकोर होत गेले आहेत. छातीची हालचाल व्हेंटिलेटरची असते. हृदय ऑक्सिजन मिळत असेपर्यंत स्वतःच्या विद्युत लयीवर धडधडतं. एवढं सांगा आणि डॉक्टरांना पुन्हा समजावून सांगायला बोलवा. त्यांच्याऐवजी निदान समजावत बसू नका.

*तुम्हाला काय वाटतं?* हा प्रश्न अवघड आहे, कारण त्या क्षणी तुमच्या शब्दाला वजन असतं. उत्तर एवढंच द्या: "तुम्ही काहीही ठरवलंत तरी अंत्यविधी नीट आणि सन्मानाने होईल, ती जबाबदारी माझी. त्यांची इच्छा काय असती, हे तुम्हालाच जास्त माहीत."

घरात मतभेद झाले, एक मुलगा हो म्हणतोय आणि दुसरा नाही, तर मध्ये पडू नका. कोणाचा शब्द कायद्याने चालतो हे पेढी पाहते. सगळ्यांना एकत्र बसायला जागा आणि वेळ द्या, आणि किती वेळ उरला आहे तेवढं शांतपणे सांगा.

वेळापत्रक बांधताना

अंत्यविधीची वेळ जाहीर करायची घाई करू नका. "उद्या दुपारी" असं सांगितलेलं चालतं. "सकाळी नऊला" असं सांगून ते बदलावं लागलं, की दान केल्याचाच सगळ्यांना पश्चात्ताप होतो. कॉर्नियासाठी पेढीचा माणूस आल्यापासून जाईपर्यंत साधारण पाऊण तास धरा, त्वचेसाठी त्यात आणखी तासभर, हाडांसाठी तीन ते चार तास. त्यात त्यांचा प्रवास आणि देह पुन्हा तयार करायचा तुमचा वेळ मिळवा. ज्या घरांत त्याच दिवशी अंत्यविधी करायची रीत आहे, त्यांना ही बेरीज आधी करून दाखवा. बऱ्याचदा नेत्रदान आणि अंत्यविधी दोन्ही एकाच दिवसात बसतं, पण हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

पेढीचं पथक तुमच्या केंद्रात येणार असेल तर स्वच्छ टेबल, चांगला उजेड, वाहतं पाणी आणि कुटुंबाला दिसणार नाही अशी खोली द्या. नातेवाइकांपैकी कोणाला देहाजवळ थांबायचं असेल, तर ते पथकाला आधी विचारा.

देह परत आल्यावर

इथे तुमचं कौशल्य लागतं. देह हातात घेताना पथकाकडून काय काय घेतलं, कुठे छेद दिला, रक्ताचा नमुना कुठून घेतला, हाडांच्या जागी कशाच्या सळ्या घातल्या, हे सगळं लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या पाळीच्या माणसापर्यंत पोहोचत नाही.

नेत्रदानानंतर आधी रक्ताच्या नमुन्याची टोचलेली जागा शोधा, ती सहसा मांडीच्या सांध्यात किंवा कॉलरच्या हाडाखाली असते. तिथून झिरपत असेल तर दाब द्या आणि बंद करा. खोबणीतला कापूस ओला असेल तर बदला. एम्बामिंग करायचं असेल तर डोक्याकडे कमी दाबाने आणि सावकाश द्रव सोडा. जोरात सोडला तर कापलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून तो पापण्यांत उतरतो आणि त्या फुगतात. इंजेक्शन चालू असताना खोबणीत कापूस सैल ठेवा म्हणजे द्रव बाहेर निघायला वाट राहते. मग खोबण कोरडी करा, ताजा कापूस आणि टोपी बसवा आणि अगदी शेवटी पापण्या चिकटवा. सुजलेली पापणी दाबून बसवायला जाऊ नका, कातडी फाटते. डोकं उंच ठेवून थंड दाब द्या, काही तासांत ती उतरते.

त्वचादानानंतरची अडचण म्हणजे ओल. वरचा थर गेल्याने तिथून कित्येक तास पाणी झिरपतं आणि देह पाठीवर निजवल्याने ते कपड्यांत उतरतं. जागा टिपून पूर्ण कोरडी करा, ओल शोषणारी पावडर लावा, वर ओल शोषणारं पॅड आणि त्यावर प्लास्टिकचा अंतर्वस्त्रासारखा पोशाख घाला. अंघोळ घालायची असेल तर घरच्यांना आधी सांगा: पाणी कोमट असावं, घासू नये, टिपावं. पाठ आणि मांड्या उघड्या पडणार असतील तर तेवढा भाग झाकून अंघोळ घालायची तयारी ठेवा. अचानक समोर आलेली ती जागा त्यांच्या मनात घर करून बसते.

हाडांच्या दानानंतर पायांत किंवा हातांत लाकडी अथवा प्लास्टिकच्या सळ्या असतात आणि लांब टाके असतात. पाय पकडून उचलू नका, दोघांनी मिळून गुडघ्याखाली आणि घोट्याखाली आधार देऊन उचला. हातापायांकडे जाणाऱ्या धमन्या कापलेल्या असल्याने मुख्य धमनीतून सोडलेला द्रव टोकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून स्नायूंत सुईने थेट द्रव द्यावा लागतो आणि वरून द्रवात भिजवलेला कापूस गुंडाळावा लागतो. दहन होणार असेल तर सळ्या कशाच्या आहेत ते दहनगृहाला कळवा, प्लास्टिक जळताना वितळतं आणि धूर करतं. पेसमेकर काढलेला आहे का हेही याच वेळी तपासा, दहनात त्याच्या बॅटरीचा स्फोट होतो. दानाच्या गडबडीत हा मुद्दा पथकाला वाटतं तुमचा आणि तुम्हाला वाटतो पथकाचा, असं होऊन राहून जातो.

अवयवदान झालेल्या देहावर गळ्याच्या खळगीपासून ओटीपोटापर्यंत सरळ छेद असतो, शस्त्रक्रियेसारखाच शिवलेला. कपड्यांत तो दिसत नाही. इतर दोन गोष्टी मात्र लगेच लक्षात येतात. अवयव थंड द्रवाने धुऊन काढल्यामुळे शरीरातलं बरंच रक्त निघून गेलेलं असतं आणि चेहरा नेहमीपेक्षा फिकट दिसतो. शिवाय रक्त न गोठण्यासाठी हेपॅरिन दिलेलं असतं आणि सलाइनही बरंच गेलेलं असतं, त्यामुळे सुईच्या जागा झिरपत राहतात आणि हात-चेहरा सुजलेला असू शकतो. एम्बामिंगमध्ये महाधमनी कापलेली असते हे गृहीत धरा. डोक्यासाठी दोन्ही मानेच्या धमन्या, हातांसाठी काखेतल्या आणि पायांसाठी मांडीतल्या धमन्या वेगवेगळ्या बांधून द्रव द्यावा लागतो. पोट आणि छातीची पोकळी उपसून, कोरडी करून, मगच टाके पक्के करा. छातीतून झडपांसाठी हृदय घेतलं असेल तिथेही हेच तंत्र लागतं.

घरच्यांना देह दाखवण्याआधी तुम्ही स्वतः त्याच उजेडात, नातेवाईक उभे राहतील त्याच अंतरावरून एकदा बघा. फिकटपणा, डाग, ओल जे दिसेल ते आधी एकाला बाजूला घेऊन सांगा, मग बाकीच्यांना आत बोलवा.

दान होऊ शकलं नाही तर

संमती देऊनही दान नाकारलं जातं. रक्ताच्या तपासण्या, मृत्यूचं कारण, वेळ, अशी कारणं असतात. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवा: "पेढी तपासून ठरवेल, दान स्वीकारलं जाईलच असं नाही." हे आधी ऐकलेल्या घराला नकार पचतो. न ऐकलेल्या घराला वाटतं की आपल्या माणसात काहीतरी खोट निघाली. नकाराचं वैद्यकीय कारण पेढीने कुटुंबालाच सांगायचं, तुमच्याकडून ते इतरांच्या कानावर जाता कामा नये. एखाद्या संसर्गाचं निदान मृत्यूनंतर पहिल्यांदा कळलं असेल, तर घरातल्या माणसांनाही तपासणी लागू शकते, ते डॉक्टरांनी सांगायचं.

उशीर तुमच्या बाजूने झाला असेल, म्हणजे फोन राहिला किंवा शीतपेटीचा काटा चुकला, तर तसं सांगून टाका. सांगायला जड जातं, पण लपवलेलं पुढे कधीतरी कळतंच.

पैसा आणि कागद

दान काढण्याचा, तपासण्यांचा आणि दानानंतर देह पूर्ववत करण्याचा खर्च कुटुंबावर पडू नये, अंत्यविधीचा नेहमीचा खर्च मात्र त्यांचाच राहतो. ही विभागणी पेढीकडून आधी विचारून घ्या आणि बिलात दानाशी जोडलेली एकही ओळ येऊ देऊ नका. दानामुळे तुमचं जास्तीचं काम झालं, वाहन दोनदा गेलं, तर त्याची भरपाई कुठून मिळते हे पेढीशी लेखी ठरवा. ती रक्कम प्रत्यक्ष खर्चाची असावी, दान मिळवून दिल्याचा मोबदला नसावी. अवयवांचा व्यापार होऊ नये असा जगभर आग्रह आहे, 2008 च्या इस्तंबूल घोषणापत्रातही तो आहे. तुमच्या हातात पडलेला एक लिफाफासुद्धा त्या कुटुंबाच्या दानावर डाग पाडतो.

तुमच्या फाइलमध्ये पेढीशी बोलल्याची वेळ, बोललेल्या माणसाचं नाव, देह थंड केल्याची वेळ आणि तापमान, पथक आल्याची आणि गेल्याची वेळ, पथकाने दिलेला कागद आणि परवानग्यांच्या प्रती असू द्या. संमतीपत्राची मूळ प्रत पेढीची, एक प्रत कुटुंबाची. तुम्ही ती ठेवायची गरज नाही.

त्यानंतर

अंत्यविधीच्या वेळी दानाचा उल्लेख करायचा का, हे कुटुंबाला विचारा. काहींना तो सगळ्यांसमोर हवा असतो, काहींना फक्त घरात. ऊती कोणाला मिळाल्या हे बहुतेक ठिकाणी गुप्त ठेवतात. म्हणून दानाची तारीख, रुग्णालय आणि नाव एकत्र लिहून समाजमाध्यमांवर टाकू नये, हे घरातल्या तरुण मंडळींना हळूच सांगा. एवढ्या तपशिलांवरून लोक माग काढतात. काही आठवड्यांनी पेढीकडून आभाराचं पत्र येतं, क्वचित नाव न लिहिता लाभार्थ्याचंही. ते संमतीपत्रावरच्या पत्त्यावर येतं. त्या घाईत तिथे रुग्णालयाजवळच्या नातेवाइकाचा किंवा मृताच्या रिकाम्या घराचा पत्ता लिहिलेला असू शकतो, म्हणून पथक निघण्यापूर्वी तो पत्ता एकदा वाचून दाखवायला सांगा.